पीटेनपोलचे ड्रम ब्रेक: डावा धरत नाही, उजवा सोडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतः बांधलेलं दोन आसनी पीटेनपोल एअर कँपर विमान, काँटिनेंटल ए-६५ इंजिन. विमानाच्या लाकडी पायांमध्ये एक सलग आडवा ॲक्सल, तो रबरी दोराने बांधलेला. दोन्ही टोकांना जुन्या मोटरसायकलची एकवीस इंची स्पोकची चाकं, त्यांचेच सात इंची ड्रम, टाचेने दाबायची पेडलं आणि केबलही मोटरसायकलचीच. डांबरी टॅक्सीवेवर उजवा ब्रेक झटक्यात धरतो, डावा असून नसल्यासारखा. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासताना, मिनिटाला १७०० फेऱ्यांवर विमान पुढे सरकू लागतं. हँगरमधल्या शेजाऱ्याचा सल्ला आहे की ड्रम फेकून दे आणि हायड्रॉलिक डिस्क बसव. तर ब्रेकचे शू उघडणाऱ्या कॅमचा लिव्हर लांब करावा, की सरळ डिस्कच घ्यावेत?

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. का ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मिरजेत वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. शाळेत असल्यापासून ब्रेक शू आणि केबल हे माझं काम, कारण त्याला ताकद लागत नाही, चिकाटी लागते. गेली बावीस वर्षं ओहायोत विमानांचा मेकॅनिक आहे आणि माझंही एक पीटेनपोल आहे, ड्रम ब्रेकवालं. तुमचं विमान मी पाहिलेलं नाही, फक्त दोन फोटो पाहिलेत. त्यामुळे खाली जे आकडे देतोय ते माझ्या विमानाचे. तुमचे तुम्हाला मोजावे लागतील आणि कसे मोजायचे तेही सांगतो.

तुम्ही प्रश्न ताकदीचा म्हणून मांडलाय. पण एक ब्रेक झटक्यात धरतोय याचा अर्थ शू, ड्रम आणि लिव्हर यांच्यात ताकद आहे. शू धरणारी तीच प्लेट, तोच शू, तोच लिव्हर डावीकडे काहीच करत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंत फरक कशामुळे पडतोय हा पहिला प्रश्न, आणि या विमानाला मुळात किती ब्रेक झेपतो हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो चुकला तर नाक जमिनीला लागतं.

बर्नार्ड पीटेनपोल यांनी मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हला १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावून हे विमान उडवलं, तेव्हा त्याला ब्रेक नव्हते. शेपटीखाली घासत जाणारी पट्टी होती, तोच ब्रेक. उतरायला गवत. त्या हिशेबाने ॲक्सलची जागा ठरलेली आहे. मूळ आराखड्यावर चाकं इतकी मागे आहेत की शेपूट हलकी राहते, उचलायला सोपी जाते. त्याच जागेवर तुम्ही ब्रेक लावलेत तर विमान त्याच सहजतेने पुढे पालथं पडतं. म्हणून पीटेनपोलला ब्रेक लावणारे बहुतेक जण ॲक्सल काही इंच पुढे सरकवतात. तुम्ही सरकवला आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यांत आधी तेच विचारायचं आहे.

हे मोजायला अवघड नाही. विमान पूर्ण भरून, उडताना असतं तसं सपाट करा. टेलव्हीलखाली स्टँड आणि स्टँडवर वजनकाटा. माझ्याकडे एकूण वजन ४९० किलो, शेपटीच्या काट्यावर ३३ किलो, ॲक्सलपासून टेलव्हीलपर्यंत ४.१ मीटर. ३३ गुणिले ४.१ भागिले ४९० म्हणजे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या मागे सुमारे २८ सेंटिमीटर. त्याची जमिनीपासूनची उंची साधारण १.१५ मीटर. पंख डोक्यावर, त्यात टाकी, त्यामुळे गुरुत्वमध्य उंचच असतो. २८ ला ११५ ने भागलं की ०.२४ येतात. शेपूट वर असताना विमानाच्या वजनाच्या २४ टक्क्यांहून जास्त जोराने चाकांना मागे धरलं तर ते नाकावर जाणार. ४९० किलोचे २४ टक्के म्हणजे ११८ किलो, दोन चाकांत मिळून. एका चाकाला ५९. शेपूट खाली असताना मर्यादा जवळपास दुप्पट होते, पण माणूस घाबरून ब्रेक दाबतो तेव्हा शेपूट कुठे आहे याचा विचार करत नाही. हे गणित तुम्ही वापरता त्यांतल्या सर्वांत पुढच्या गुरुत्वमध्यासाठी करा, सरासरीसाठी नाही.

कोरड्या डांबरावर रबर वजनाच्या ७० टक्क्यांपर्यंत सहज पकडतं. म्हणजे चाक जाम करू शकणारा ब्रेक या विमानाला जवळजवळ तिप्पट जास्त आहे. शेजाऱ्याचा डिस्कचा सल्ला इथे थांबवा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझंही विमान रन-अपला सरकायचं. मी लिव्हर एक इंचाने लांब केला आणि खूश झालो. तीन आठवड्यांनी एका डांबरी धावपट्टीवर चाकांवर उतरलो, शेपूट अजून हवेत, आणि पुढे गवत कापायचा ट्रॅक्टर धावपट्टी ओलांडायला निघालेला. दोन्ही टाचा गेल्या खाली. आवाज मोठा झाला नाही, फक्त लाकडी प्रॉपेलरची दोन टोकं काडेपेटीतल्या काड्यांसारखी तुटून उडाली आणि मी पट्ट्याला लोंबकळत डांबराकडे बघत होतो. त्यानंतर नवा प्रॉपेलर, क्रँकच्या फ्लँजला डायल लावून वाकलाय का ते बघणं, आणि घरी दोन महिने शांतता. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

आता खालची मर्यादा. रन-अपला किती लागतं? शेपूट झाडाला बांधून मध्ये काटा लावून मी प्रॉपेलरची ओढ मोजली होती. पूर्ण थ्रॉटलवर २१५० फेऱ्या आणि ११५ किलो. ओढ फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून १७०० ला ती ७२ किलोच्या आसपास येते. एका चाकाला ३६. म्हणजे टायरच्या कडेला ३६ किलोच्या वर आणि ५९ किलोच्या बरंच खाली एवढाच ब्रेक हवा, दोन्हीकडे सारखा. मी ४५ धरून चालतो. तुमचे आकडे वेगळे येतील, पण दोन आकड्यांमधली जागा तुम्हालाही अरुंदच मिळेल. जागाच मिळाली नाही, म्हणजे खालचा आकडा वरच्याच्या पुढे गेला, तर ॲक्सल पुढे नेल्याशिवाय ब्रेकला हात लावू नका. ॲक्सल पुढे नेण्याचीही किंमत असते: शेपूट जड होते आणि गुरुत्वमध्य चाकांच्या आणखी मागे गेल्याने जमिनीवर गिरकी घेण्याची खोड वाढते. फार पुढे नेऊ नये.

उष्णतेची काळजी बरेच जण करतात, ती इथे गैरलागू आहे. ताशी ६४ किलोमीटरवर उतरलेलं ४९० किलोचं विमान पूर्णपणे ब्रेकने थांबवलं तरी प्रत्येक ड्रमच्या वाट्याला ३९ किलोज्यूल येतात. डबलसीट चेतक साठच्या वेगावरून थांबवताना साधारण ३३ लागतात, आणि चेतकवाले दिवसभर थांबतच असतात. दोन किलोच्या बिडाच्या ड्रमचं तापमान एका लँडिंगला चाळीसेक अंशांनी वाढेल. ड्रम खरे तापतात ते मागून वारा असताना मैलभर ब्रेक दाबून टॅक्सी केल्यावर. तेव्हा थांबा, वाऱ्याकडे तोंड करा, थंड होऊ द्या.

एक गोष्ट मात्र तुमच्या विरोधात आहे: चाक मोठं, ड्रम लहान. तुमच्या टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटरच्या आसपास, ड्रमची ८.९. टायरच्या कडेला ३६ किलो धरायला ड्रमवर १३३ किलोची पकड लागते. हेच ड्रम सहा इंची विमानाच्या चाकाला असते, ज्याची त्रिज्या २२ आहे, तर ८९ किलोत भागलं असतं. एकवीस इंची स्पोकचं चाक पीटेनपोलला शोभून दिसतं यात वाद नाही, माझंही तेच आहे. फक्त ब्रेकविरुद्ध ते लांब पहारीसारखं काम करतं हे लक्षात असू द्या.

आता मुख्य मुद्दा, उजवा आणि डावा.

तुमच्या फोटोत मला जे दिसलं ते असं. दोन्ही चाकं एकाच मोटरसायकल मॉडेलच्या पुढच्या चाकाची आहेत, म्हणजे दोन्ही प्लेटा हुबेहूब एकसारख्या. मोटरसायकलवर प्लेट सहसा चाकाच्या एकाच बाजूला असते. विमानात मात्र दोन्ही प्लेटा आतल्या बाजूला येतात, म्हणजे एक प्लेट तिच्या जन्माच्या दिशेने फिरणाऱ्या चाकात आहे आणि दुसरी उलट. परिणामी डावीकडची केबल लिव्हरचं वरचं टोक पुढे ओढते, उजवीकडची मागे. तुम्हाला ते नुसतं दिसायला वेगळं वाटलं असेल.

आता ब्रेक लागल्यावर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. चाक पुढे फिरतंय, ड्रम शूंना ओढतो, शू प्लेटला ओढतात. प्लेटची वरची बाजू पुढे जाऊ पाहते. प्लेट ॲक्सलला घट्ट आहे, पण ॲक्सल कशाला घट्ट आहे? रबरी दोराला. ॲक्सल स्वतःच काही अंश पुढे फिरतो. केबलच्या आउटरचा, म्हणजे बाहेरच्या नळीचा, थांबा मात्र तुम्ही लाकडी पायावर पट्टी ठोकून बसवलाय, तो जागचा हलत नाही. डावीकडे लिव्हर केबलच्या दिशेनेच पुढे गेला, केबल ढिली पडली, ब्रेक सुटला. उजवीकडे लिव्हर केबलपासून दूर गेला, केबल आणखी ताणली, ब्रेक आणखी लागला, म्हणून ॲक्सल आणखी फिरला. उजव्याचा ‘झटका’ तिथून येतो. तुमच्या टाचेइतकंच विमानही तो ब्रेक दाबतंय.

माझा तर्क बरोबर आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतील. ॲक्सलच्या मध्यभागी वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारा आणि तिच्यासमोर पायाला बांधलेल्या काडीचं टोक आणा. एकाला पेडलं दाबायला बसवा, दुसऱ्याला विमान हाताने पुढे ढकलायला लावा, तुम्ही रेघ बघा. रेघ तीन-चार अंश सरकली तरी ७५ मिलिमीटरच्या आसपासच्या लिव्हरची कथा संपते: टोक पाचेक मिलिमीटर हलतं, आणि केबलची सगळी कामाची चाल तेवढीच असते.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला, ॲक्सलला फिरू न देणारा हात. ॲक्सलवर घट्ट बसवलेल्या कॉलरपासून पायाच्या पुढच्या किंवा मागच्या खांबापर्यंत एक दांडी, दोन्ही टोकांना बोल्ट, जेणेकरून ॲक्सल रबरावर वरखाली होईल पण फिरणार नाही. दांडी जितकी लांब आणि जितकी आडवी तितकी वरखाली होताना ॲक्सलला कमी फिरवेल. तिच्यावर येणारा जोर कमी समजू नका: दोन्ही चाकांचे मिळून ९० किलो, ३३ सेंटिमीटरच्या हाताने. कॉलरचा हात ११ सेंटिमीटर असेल तर दांडीत २७० किलो येतात, आणि खड्ड्यात त्याच्या दुप्पट धरा. लाकडाला नुसता स्क्रू मारून भागणार नाही. खांबाला वेढणारी पट्टी आणि आरपार बोल्ट हवा.

दुसरा, आउटरचा थांबा पायावरून काढून प्लेटवरच बसवा. मग प्लेट कितीही हलली तरी इनर (आतली तार) आणि आउटर दोघंही तिच्यासोबत हलतात, ब्रेकवर परिणाम होत नाही. याने आणखी एक लपलेलं दुखणं जातं. ॲक्सल रबरावर वर जातो तेव्हा पायावरच्या थांब्यापासून लिव्हरचं अंतर बदलतं. जोरात टेकलात की एका बाजूचा ब्रेक टाच न लावता लागू शकतो, तोही नेमका नको तेव्हा. थांबा प्लेटवर आल्यावर आउटरला पायाशी एक सैल कमान द्या, म्हणजे वरखाली होताना ती लवेल. नंतर विमान जॅकवर उचलून चाकं लोंबकळत असताना आणि मग दोघातिघांनी पंखाच्या खांबांपाशी लटकून ॲक्सल दाबला असताना, दोन्ही वेळा चाक हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं पाहिजे.

इथे एक धोक्याची सूचना. तुमच्या प्लेटवर एक कॅम आहे की दोन, ते बघा. एक कॅम आणि समोर एक खिळ असेल तर एक शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो, दुसरा ढकलला जातो. चाक उलट फिरलं तर दोघं भूमिका बदलतात, पकड साधारण तेवढीच राहते. पण जुन्या वेगवान मोटरसायकलींच्या पुढच्या चाकांत दोन कॅम असतात आणि दोन्ही शू आत ओढले जाणारे. असा ब्रेक उलट फिरवला की दोन्ही शू ढकलले जाणारे होतात आणि पकड एकदम पडते. तुमच्या हबला दोन कॅम असतील तर वर लिहिलेलं सगळं करूनही एक बाजू कमजोरच राहणार. एक कॅमवाल्या प्लेटा शोधणं किंवा आरशातल्यासारखी दुसरी प्लेट बनवून घेणं हाच मार्ग.

ॲक्सलचा बंदोबस्त झाला की केबल. पेडलवर जे देता ते चाकापर्यंत किती पोचतं हे बॅग तोलायच्या काट्याने बघा. चाकाकडचं टोक लिव्हरमधून काढा, काट्याला अडकवा, काट्याचं दुसरं टोक प्लेटवरच्या थांब्याजवळ बांधा. पेडलवर दहा किलोची वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना जोर सारखा राहील, टाचेवर विसंबू नका. दोन्हीकडचे आकडे लिहून घ्या.

केबल वळणात किती खाते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आउटरमध्ये घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला आणि सगळ्या वळणांची बेरीज २७० अंश झाली तर ओढ निम्मी राहते. आणि वळण मोठं, ऐसपैस ठेवलं म्हणून हे वाचत नाही. एकूण किती अंश वळली एवढाच हिशेब असतो. तुमची डावी केबल फोटोत पेडलापासून आधी मागे जाते, मग खाली, मग पुन्हा पुढे. उजवी एका वळणात उतरते. हा फरकही त्या दोन ब्रेकांत आहेच. शक्य असेल तिथे आउटर सोडा आणि मोकळी विमानाची केबल पुलीवरून न्या. ३/३२ इंची, ७ बाय १९ विणीची पुरते. जोडाला दाबायच्या तांब्याच्या नळ्या, मध्ये ताण जुळवायचा टर्नबकल, टर्नबकलला सेफ्टी वायर. आउटर फक्त शेवटच्या हातभर अंतरात, जिथे ॲक्सल हलतो. सायकल-मोटरसायकलच्या केबलच्या टोकाचं बोंड विमानात मला चालत नाही. बोंडाच्या मुळाशी एकेक तार तुटत जाते आणि बाहेरून दिसत नाही.

मग शू. चाक काढा, ड्रमच्या आत खडू फासा, चाक परत बसवून हलका ब्रेक लावून दोन फेरे द्या, पुन्हा काढा. लायनरवर जिथे खडू उमटला तेवढाच शू कामाला आहे. आमच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक ‘नवे शू टाकले तरी ब्रेक लागत नाही’ म्हणून यायचं, आणि बाबा बोलण्याऐवजी त्याला खडू उमटलेला शू दाखवायचे: मधोमध दोन बोटं पांढरं, बाकी सगळं कोरं. नवा शू ड्रमच्या गोलाईला जन्मतः बसत नाही. ड्रममध्ये पॉलिश पेपर चिकटवून घासणं हा गरिबाचा उपाय आहे, चालतो. चांगला उपाय म्हणजे शू प्लेटवर बसवून, कॅमखाली पातळ पत्रा घालून ते जरासे उघडे ठेवून, प्लेट तिच्याच मध्यावर लेथला धरायची आणि लायनर ड्रमच्या मापाला पाव मिलिमीटर कमी असा उतरवायचा. दोन्ही टोकांना कानस मारून कडा उतरत्या करा, कारण तुमच्या एका चाकाची दिशा उलटी आहे. जुन्या साठ्यातले शू असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कंप्रेसरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. बेअरिंगचं ग्रीस प्यालेला लायनर जाळून किंवा पेट्रोलने धुऊन परत वापरायचा मोह होतो. तो शू टाकून द्या आणि ग्रीस का आलं ते शोधा.

बसवताना ॲक्सलचा नट आधी ढिला ठेवा, ब्रेक जोरात दाबून धरा आणि तसाच दाबलेला असताना नट आवळा. शू ड्रमच्या मध्यावर स्वतःहून येऊन बसतात. एवढ्याने कितीतरी ब्रेक सुधारलेले मी पाहिलेत. मोजून सांगता येणार नाही.

लिव्हर आता. शू ड्रमला टेकतात त्या क्षणी केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन हवा. बरेच जण मोकळ्या अवस्थेत काटकोन ठेवतात, मग जोर द्यायच्या वेळेला तो उतरणीला लागलेला असतो. लायनर झिजल्यावर लिव्हर कॅमच्या खाचांवर एक दात मागे बसवायचा हा गॅरेजमधला जुना जुगाड. स्कूटरला मीही केलाय. विमानाला नको. झिजलेल्या शूवर कॅम जास्त फिरतो, एका टप्प्यापुढे उभा होऊन उलटतो आणि परत येत नाही. चाक जाम, आणि ते धावपट्टीवर कळतं. शू बदला.

लिव्हर लांब करण्याचं काय, तर माझ्या प्लेटवर कागदावरचं गणित सांगतं की ३६ किलो धरायला केबलमध्ये अकरा-बारा किलो ओढ लागते, स्प्रिंग आणि घर्षण धरून पंधरा. टाच वीस किलो सहज देते आणि पेडलाचा फायदा वेगळा. म्हणजे केबल नीट असेल तर आहे तोच लिव्हर पुरतो. लांब केलात तर जोर वाढेल पण चाल जास्त लागेल. आउटर दबण्यात आणि ॲक्सल फिरण्यात चाल आधीच वाया जातेय, त्यामुळे पेडल पाटाला टेकेल आणि ब्रेक होता तसाच राहील.

हे सगळं झाल्यावर शेवटची मोजणी. विमान जॅकवर, टायरभोवती दोर दोन वेढे गुंडाळा, दोराला काटा, पेडलवर तीच वाळूची पिशवी, आणि चाक पुढे फिरेल अशा दिशेने ओढा. घसरायला लागतं तो आकडा लिहा. डावा-उजव्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. मग टाचेने पूर्ण जोर लावून पुन्हा. तो आकडा तुमच्या वरच्या मर्यादेच्या पुढे गेला तर पेडलाखाली अडणी घालून चाल कमी करा, आणि याची लाज वाटू देऊ नका.

डिस्कबद्दल माझं वैर नाही. सहा इंची चाकं घेऊन, ॲक्सल पुढे नेऊन, तो फिरणार नाही याची सोय करून कुणी डिस्क बसवले तर ते उत्तम चालतात, पावसातही. पण तुमच्या फिरत्या ॲक्सलवर डिस्क लावलेत तर कॅलिपरसुद्धा ॲक्सलबरोबर फिरेल आणि नळी ओढली जाईल. आजार तोच राहील, फक्त आता त्यात तेल असेल. तेलावरून आठवलं, विमानाच्या ब्रेक सिलिंडरांना लाल खनिज तेल लागतं; गाडीच्या ब्रेकचं तेल घातलंत तर रबरी सील फुगून बसतात. आणि आम्ही दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडला जमतो तिथे गवताच्याच धावपट्ट्या आहेत. तिथे रन-अपला ब्रेक कमी पडल्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. तुम्ही बहुतेक डांबरावर उडता आणि शेपटीखाली घासणाऱ्या पट्टीऐवजी चाक आहे, म्हणून तुम्हाला ब्रेक लागतात हे मान्य. तरी रन-अपसाठी चाकांपुढे लावायचे, दोरी बांधलेले दोन लाकडी ठोकळे पायाशी ठेवा. मीही ठेवतो.

रोजच्या वापरातली एकच गोष्ट सांगायची राहिली. रात्री विमान बाहेर दवात राहिलं तर ड्रमला आतून गंजाची पातळ साय येते आणि सकाळी पहिले चार-पाच वेळा ब्रेक वेड्यासारखा ओढतो, बहुधा एकाच बाजूने. हँगरमधून निघताच चालण्याच्या वेगात दोन्ही टाचा दोनतीनदा हलक्या टेकवून ती साय काढून टाका.

ॲक्सल सरकवलात तर वजन आणि तोल नव्याने काढून लॉगबुकात नोंद करा, आणि तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये (परवान्यासोबतच्या अटींमध्ये) बदलांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. दर बारा महिन्यांच्या कंडिशन इन्स्पेक्शनला जो मेकॅनिक येतो त्याला ती नवी दांडी आणि तिचे बोल्ट दाखवा. दुसऱ्याच्या डोळ्याला आपल्याला न दिसलेलं दिसतं.

चाक काढाल तेव्हा डाव्या प्लेटचा आतून एक फोटो पाठवा. कॅम एक आहे की दोन, हे मला बाहेरून कळलेलं नाही, आणि दोन निघाले तर वरचा निम्मा मजकूर पुन्हा लिहावा लागेल.